डनीडूतलं अर्धं वाढलेलं ताट

डनीडू नावाचं गाव जगात आहे, यावर आमच्या सोसायटीच्या बाकावरच्या मैत्रिणींचा अजून विश्वास नाही. "सहा महिन्यांसाठी गेलीस, वीस महिने राहिलीस, आणि सांगतेस काय तर डनीडू! ऑपेरा हाऊसचं सांग की." ऑपेरा हाऊस मी पाहिलं. बाहेरून. करोनामुळे ते बंद होतं आणि घासून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखं दिसत होतं. झालं ऑपेरा हाऊस. आता डनीडू ऐका.

कॅसल हिल

माझी लेक मुक्ता सिडनीच्या कॅसल हिल भागात राहते. गल्लीत दोन्ही बाजूंना ऐसपैस घरं, प्रत्येक घराला दोन गाड्यांचं गॅरेज, आणि माणूस दिसेल तर शपथ. मार्चमध्ये विमानं थांबली तशी उरलीसुरली माणसंही आत गेली. आमच्याच घरात तिघं लॅपटॉपला लागलेली: बंद दारांमागे मुक्ता आणि जावई निखिल, हॉलमध्ये अकरा वर्षांची नात रिया. हॉलमधून जाताना मी वाकून जायला शिकले, कारण एकदा रियाच्या अख्ख्या वर्गानं मला केसांना तेल चोपडताना पाहिलं होतं. "आजी, आय वॉज ऑन म्यूट," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बट यू वेअर नॉट इनव्हिजिबल!"

पुढे तिची शाळा उघडली आणि वाकून चालायचं कारणही गेलं. एके दिवशी मी दिवसभरात किती वाक्यं बोलते ते मोजलं. अकरा. त्यातली चार "चहा टाकू का?" अशी होती.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला आणि पुण्याहून शिरीषचा फोन आला. शिरीष माझा भाचा, माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा मुलगा.

"आत्या, गुरुजी विचारतायत, आईचं श्राद्ध नवमीला करायचं का तिच्या तिथीला?"

बाहेरून साधा दिसणारा प्रश्न. पण पितृपक्षातली नवमी ही अविधवा नवमी. नवरा हयात असताना जी बाई गेली, तिचं श्राद्ध त्या दिवशी. नवरा गेला की तो मान संपला. म्हणजे शिरीष मला विचारत होता, माझे बाबा जिवंत आहेत का?

दादा एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर गेला आणि बेपत्ता झाला. मेला नाही, पकडला गेला असंही कुणी सांगितलं नाही. बेपत्ता. तार आली तेव्हा वहिनी तेवीस वर्षांची होती आणि शिरीष तिच्या पोटात. त्यानंतर ती जितकी वर्षं जगली तितकी वर्षं रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावत राहिली. आदल्या वर्षी श्रावणात ती गेली. जमलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, हिला कुंकू लावायचं की नाही? मी म्हटलं, "रोज लावत होती, आजही लावा." पटकन सांगून टाकलं, कारण समोर तिचा चेहरा होता. आता चेहरा नव्हता. आता वर्ष झालं होतं, पहिला पितृपक्ष होता, आणि गुरुजींना उत्तर हवं होतं.

"तूच सांग आत्या," शिरीष म्हणाला, "घरात आता तूच मोठी. शुक्रवारी नवमी आहे."

माझं मन कुठं झुकत होतं ते लपवत नाही. मला वाटत होतं, पुरे झालं. दादा असता तर अठ्ठ्याहत्तरचा असता. त्याचंही नाव घ्यावं, दोघांनाही पान वाढावं. इतकी वर्षं त्याच्या नावानं कुणी घास ठेवला नव्हता. पण "दादा गेला" हे चार अक्षरांचं वाक्य फोनवर बोलवेना. "सांगते," म्हणून मी फोन ठेवला, आणि मग दोन दिवस फोनकडे बघत बसले.

ते मुक्तानं पाहिलं. ती इंजिनिअर आहे, सोलर फार्मची कामं बघते. "आई, माझी साइट व्हिजिट आहे. मंगळवार ते शुक्रवार. मोटेलमध्ये दोन बेड आहेत. चल."

"मी तिथं काय करू?"

"इथं काय करतेस?"

मी राइस कुकर पिशवीत भरला.

काळी झाडं

सिडनीहून पश्चिमेला निघालं की डोंगर लागतो. त्या डोंगरातून आम्ही जात होतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलच्या मैल जळकी झाडं उभी होती. आदल्या उन्हाळ्यातला वणवा. पण खोडांना, अगदी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवी लव फुटली होती. फांदी नाही, डहाळी नाही; सरळ काळ्या खोडालाच पानं. तान्ह्या पोरीच्या दंडावर असते तशी लव.

"मेली नाहीत ही?" मी विचारलं.

"काही मेली, काही नाही," मुक्ता म्हणाली. "लगेच कळत नाही."

सफरचंदाच्या बागांच्या एका गावात आम्ही 'ॲपल पाय' खायला थांबलो, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ. मी तो गरम ॲपल पाय हातात घेऊन झाडाखाली उभी राहिले, देखावा बघत, आणि मागून कुणीतरी माझ्या डोक्यात दगड मारला. दगड नव्हे, मॅगपाय. काळापांढरा, कावळ्याच्या मापाचा पक्षी. सप्टेंबर हा त्याच्या पिल्लांचा महिना, तेव्हा झाडाखालून जो जाईल तो शत्रू. दुसऱ्या खेपेला मी ॲपल पाय टाकून गाडीकडे पळाले. एकाहत्तराव्या वर्षी. मुक्ता हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. सहा महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी डोकं दुखतंय हे सांगितलं नाही.

डोंगर उतरला की मात्र माझं राज्य. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मरे-डार्लिंगचं खोरं मी फळ्यावर डोळे मिटून काढायचे, आणि मेरिनो मेंढीबद्दल अशी काही बोलायचे, जणू परसात चार बांधल्यात. पोरांनी एकदा विचारलं होतं, "बाई, मेंढीची लोकर हाताला कशी लागते?" मी ठोकून दिलं, "रेशमासारखी." डनीडूच्या अलीकडे एका कुंपणापाशी मी पहिल्यांदा खऱ्या मेरिनोच्या पाठीवरून हात फिरवला. चिकट, मातकट, तेलकट, आणि आत काटेकुसळं. तीस वर्षांच्या सगळ्या विद्यार्थ्यांची मी इथं जाहीर माफी मागते.

त्या भूगोलाच्या बाईंच्याही आधीची एक मी होते, चोवीस वर्षांची. तिची आठवण मला त्या रस्त्यावर सारखी येत होती. मानेपर्यंत कापलेले केस, खांद्याला शबनम, आणि जगातल्या प्रत्येक दुःखावर एक उतारा तयार. दादा बेपत्ता होऊन दोन वर्षं झाल्यावर ही बया वहिनीसमोर उभी राहिली आणि तिनं भाषण केलं. "वहिनी, सत्याला सामोरं जायला हवं. कुंकू ही स्वतःची फसवणूक आहे. तू नव्यानं आयुष्य सुरू कर." तिच्याकडे एका चांगल्या मुलाचा पत्तासुद्धा होता. वहिनी मांडीवर शिरीषला थोपटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मग ती कोथिंबीर निवड." मी निवडली. बोटं हिरवी झाली, आणि मी मनात म्हटलं, बिचारी अडाणी. ती चोवीस वर्षांची पोरगी आज भेटली तर आधी तिच्या एक मुस्कटात देईन, मग चहा पाजीन.

मंगळवार: मोटेल

डनीडू म्हणजे एक रुंद रस्ता, धान्याची उंच कोठारं, एक नदी आणि चहूबाजूंना कनोलाची, म्हणजे तिकडच्या मोहरीची शेतं. पिवळी म्हणजे किती पिवळी! दुष्काळ नुकताच सरला होता. सगळं पिकलं होतं आणि ते बघायला रस्त्यावर कुणी नव्हतं.

मोटेलची मालकीण बेव्ह. माझ्याच वयाची, हाडापेरानं थोराड, पुरुषी बूट, नखांत माती. दारात सॅनिटायझर माझ्या तळहातावर ओतत म्हणाली, "अख्ख्या आठवड्यात तुम्ही दोघीच. डायनिंग रूम तुझीच समज, लव्ह. ज्या टेबलावर फुली नाही तिथं कुठंही बस." (बेव्ह कुणालाही अहो म्हणणारी नाही, म्हणून तिचं बोलणं मी अरेतुरेतच देते.) मी शाकाहारी आहे हे ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. "मग तुम्ही खाता काय?"

कित्येक महिन्यांनी मला कुणीतरी प्रश्न विचारला होता. मी अर्धा तास सोडला नाही. मराठी ताट कसं वाढतात ते सांगितलं. आधी वर मधोमध मीठ, शेजारी डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. भाताची मूद, तिच्यावर वरण, तूप. मीठ-लिंबू वाढलं की पाहुण्यानं समजायचं, आता सुरुवात झाली. मुक्ता मागून "आई, आई" करत होती. बेव्ह काउंटरवर कोपर टेकून सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आधी मीठ? हं."

बुधवार: खुर्ची

मुक्ता सकाळीच साइटवर गेली. मी खोलीत कुकर लावला, वरण-भात केला, तूप बरोबर होतंच, आणि बाराच्या सुमाराला डबा घेऊन डायनिंग रूममध्ये गेले. लांबलचक खोली. बहुतेक टेबलांवर लाल चिकटपट्टीची फुली. खिडकीपाशी दोन उघडी लाकडी टेबलं होती, पण माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं एक लहान गोल टेबल. त्यावर पांढराशुभ्र कापडाचा रुमाल, फुलदाणीत एकच लाल गुलाब, न पेटवलेली मेणबत्ती, पालथा घातलेला काचेचा पेला. एक खुर्ची. आणि समोर बशीत काय असावं? चिमूटभर मीठ आणि लिंबाची चकती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, या बाईनं माझं कालचं ऐकून माझ्यासाठी ताट मांडायला घेतलं! फोडीऐवजी चकती कापली होती, बशी जेमतेम पुरीएवढी होती, पण परक्या देशात कोण इतकं करतं?

मी बसले. पेला सुलटा केला, पाणी ओतलं. बशीत भात घेतला, वर वरण, तूप. चकती पिळली, मीठ कालवलं आणि जेवायला सुरुवात केली. तिसऱ्या घासाला बेव्ह आत आली.

ती दारातच उभी राहिली. हातातलं फडकं तिनं दोन्ही हातांनी धरलं. मी भरल्या तोंडानं हसले आणि अंगठा दाखवला. होय, अंगठा दाखवला.

"लव्ह," ती हळू आवाजात म्हणाली, "तू डॅनीच्या खुर्चीवर बसलीयस."

मी दचकून उठायला गेले. "उठू नकोस," ती म्हणाली. "घास घेतलायस ना? आता संपव."

अशा वेळी घास गिळणं काय असतं ते विचारू नका. बेव्ह खिडकीपाशी बसली, मधे फुलीचं एक टेबल, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, आणि तिनं सांगितलं.

डॅनी अमेरिकन. नेब्रास्काचा, गव्हाच्या शेतावरचा. व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टरवर होता. तिथल्या पोरांना मधे सहा दिवस सुट्टी मिळायची, आणि पुष्कळ जण सिडनीला यायचे. बेव्ह तेव्हा सिडनीत दूध-आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होती. बाकीची पोरं दारू आणि पोरी शोधत होती. हा काउंटरवर येऊन विचारायला लागला, इथं मेंढ्या कुठं बघायला मिळतील? म्हणून ती त्याला आगगाडीनं घरी घेऊन आली, डनीडूला. चार दिवस राहिला. तिच्या आईच्या हातचं जेवला, तिच्या बापाबरोबर कुंपणाच्या तारा ओढल्या. जाताना म्हणाला, पुन्हा येईन. दोन पत्रं आली. तिसरं तिचंच परत आलं, न उघडलेलं.

"मग मी त्याच्या आईला लिहिलं," बेव्ह म्हणाली. "तिनं कळवलं. बेपत्ता. मला कोण कळवणार? सरकारी कागदावर आईचा रकाना असतो, बायकोचा असतो. मिल्क बारमधल्या मुलीचा नसतो."

हे टेबलही त्या आईनंच पत्रातून शिकवलं. अमेरिकेत कैदेत गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी सप्टेंबरातला एक शुक्रवार ठेवलेला असतो, आणि त्यांच्या नावानं असं टेबल मांडतात. खुर्ची रिकामी, कारण तो इथं नाही. पेला पालथा, कारण तो आपल्याबरोबर पिऊ शकत नाही. लिंबू त्याच्या कडू नशिबाचं. मीठ म्हणजे वाट बघणाऱ्यांचे अश्रू. बेव्ह महिना लागला की टेबल मांडते आणि तो शुक्रवार झाला की उचलते. डॅनीची आई गेली, मग बहीण गेली. आता तिकडून कुणाचं पत्र येत नाही.

मी बशीकडे पाहिलं. नशीब पिळून झालं होतं. अश्रू वरण-भातात कालवून झाले होते.

"तुझ्या नवऱ्याला चालतं हे?" तिच्या बोटातली अंगठी बघून मी विचारलं.

"कॉलला? लिंबू तोच कापायचा. दर वर्षी. म्हणायचा, बिचारा आपल्याकडे जेवायला आहे. त्याला जाऊन दोन वर्षं झाली."

मग मी तिला दादाचं सांगितलं. वहिनीचं, कुंकवाचं, नवमीचं. हे इंग्रजीत सांगताना माझा घाम निघाला. बेव्हनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

"थांब. म्हणजे तुझा भाऊ जिवंत की मेलेला, ते शुक्रवारपर्यंत ठरवायचं?"

"हो."

"आणि ते तू ठरवणार? डनीडूहून?"

इतकं सरळ कुणी मला म्हटलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो. तिचं हसणं खोकल्यासारखं होतं. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "तुला वाटतं डॅनी जिवंत असेल?"

"एकवीस वर्षांचा होता. हेलिकॉप्टर जंगलात पडलं. मी खुळी नाहीये, लव्ह."

"मग?"

"मेला हे सांगणं, ज्याला तो सापडला त्याचं काम. मला तो सापडलेला नाही." तिनं फडकं मांडीवर घडी करून ठेवलं. "मी काही फार करत नाही. मी फक्त त्याची जागा आवरून टाकत नाही."

मी बशी विसळून आणली. तिनं ती पुसली, चिमूटभर नवं मीठ घातलं, पेला पालथा घातला. लिंबाची जागा रिकामीच राहिली. "नंतर बघू," म्हणाली.

गुरुवार: नदीकाठी

गुरुवारी मी एकटीच नदीवर गेले. डनीडू म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत हंस, असं बेव्हनं सांगितलं होतं. हंस दिसला नाही. पाणी गढूळ, काठाला मोठाली झाडं, आणि मी. लांबून एक ट्रक गेला, मग पुन्हा काही नाही. एवढी मोकळी जागा आणि त्यात मीच. मोठ्यानं "दादा" म्हणून पाहिलं. कुणाला ऐकू जाणार होतं? किती वर्षांनी ती हाक तोंडातून निघाली कोण जाणे. आवाज म्हातारीचा आला. तो तर चाळिशीतल्या बहिणीचाही आवाज ओळखत नसणार; त्यानं मला शेवटची पाहिली ती दोन वेण्यांत.

मग वहिनी आठवली. ती तेवीस वर्षांची बाई काही अडाणी नव्हती. सापडला नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं फक्त जागा आवरली नाही. आणि मी तिच्यासमोर उभी राहून, शबनम खांद्याला, केरसुणी घेऊन आल्यासारखी बोलत होते. तीच केरसुणी मी आता पुन्हा उचलायला निघाले होते. श्राद्धाच्या नावाखाली.

काठावरच्या ओंडक्यावर बसून मी शिरीषला फोन लावला.

"शिरीष, नवमीला कर."

"म्हणजे बाबा..."

"म्हणजे काही नाही. तुझी आई सवाष्ण गेली. तिचं तेवढं खरं होतं, आणि श्राद्ध तिचं आहे. बाबांचं मी सांगणारी कोण? मला तो सापडला का?"

"हं."

"आणि एक कर. एक ताट वेगळं मांड. वर मीठ वाढ, लिंबाची फोड ठेव, फुलपात्र पालथं घाल. आणि थांब."

"वरण-भात तरी वाढू ना?"

"नाही. तेवढंच."

अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, केस माझ्याहून पांढरे, पण मला पलीकडे त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. "आत्या, मला भीती वाटत होती तू म्हणशील त्यांचंही नाव घ्या. मी त्यांना कधी बाबा म्हणून हाक मारलेली नाही गं. पहिल्यांदाच नाव घ्यायचं आणि ते पिंडासमोर..."

"नको घेऊस," मी म्हटलं.

शुक्रवार: फोड

मुक्ताचं काम दुपारी आटपायचं होतं. पुण्यातले अकरा म्हणजे आमचे साडेतीन. डायनिंग रूममध्ये खिडकीपाशी मी फोन टेकवून बसले. पडद्यावर शिरीषचं स्वयंपाकघर. त्याच्यासमोर तांदळाच्या डब्याला टेकवलेला दुसरा फोन, त्यात गुरुजी, मास्क हनुवटीवर. जेवायला सवाष्ण बोलवायची सोय नव्हती, म्हणून समोरच्या फ्लॅटच्या दाराशी डबा ठेवून शिरीषनं बेल वाजवली आणि मागे सरला. दार उघडलं, बांगड्यांचा हात आला, डबा आत गेला. तेवढं सवाष्णजेवण.

बेव्ह माझ्या मागच्या टेबलावर बसून बघत होती.

"ते डावीकडचं पान अर्धं राहिलंय," डब्याला टेकलेले गुरुजी म्हणाले. "वाढून घ्या पूर्ण."

शिरीषनं त्या पानाकडे पाहिलं. मीठ, लिंबाची फोड, पालथं फुलपात्र.

"तेवढंच आहे ते, गुरुजी."

काय कळलं गुरुजींना, देव जाणे. "बरं," म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू केला.

फोन बंद झाल्यावर मी डोळे पुसेपर्यंत बेव्ह उठून आत गेली होती. परत आली ती हातात कापायची फळी, सुरी आणि एक लिंबू घेऊन. परसातलंच, देठाला दोन पानं होती. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं.

"तू पिळलंस," ती म्हणाली, "तूच काप."

बाहेर मुक्ताच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी सुरी घेतली. चकती कापायची हे मला माहीत होतं, पण हाताला कुठं माहीत? हातानं सवयीनं उभी फोड कापली, आणि सुरीच्या टोकानं बिया काढून टाकल्या, आमच्यात पाहुण्यासाठी काढतात तशा.

"चकती असते," बेव्ह म्हणाली.

"आमच्यात फोड असते."

तिनं ती उचलून उजेडात धरली. "आणि बिया का काढल्यास?"

"जेवताना दाताखाली येतात."

जेवणार कोण आहे, असं बेव्ह म्हणाली नाही. तिनं फोड डॅनीच्या बशीत मिठाशेजारी ठेवली, डाव्या बाजूला, आणि खुर्ची थोडी बाहेर ओढली.